उजव्या चाकाचा बुश

गुलाबमामाने एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षे खड्ड्यात उभे राहून काम केले. बस खड्ड्यावर येऊन थांबायची आणि मामा तिच्या पोटाखाली. वरून ऑइल गळायचे, चिखलाचे पोपडे पडायचे, पावसाळ्यात पायाखाली पाणी साचायचे. मान मागे टाकून बघायची सवय इतकी मुरली की निवृत्तीच्या फोटोत शाल अंगावर घेऊन तो छताकडे पाहतो आहे. गोंदियाजवळच्या दवनीवाड्यात त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. मिस्त्री म्हणतात.

त्याचा एकुलता मुलगा बुद्धभूषण. त्याने नागपूरहून वीस वर्षे जुनी लाल स्पोर्ट्स गाडी आणली, उघड्या टपाची, दोन सीटांची. लग्नात नवरदेव मिरवायला ती भाड्याने द्यायची, असा त्याचा बेत होता आणि तो चालला. गोरेगावपर्यंतच्या गावांत घोड्यापेक्षा तिला मागणी आली. दोनच माणसे बसतात ती कसली गाडी, असे अंजनामामी म्हणायची, पण दर रविवारी तीच ती धुवायची.

गाडी पुढून खडखडायची. मामाने खाली वाकून पाहिले आणि बुश गेले म्हणून सांगितले. चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, तिथे रबर भरलेली एक नळी असते. तो बुश. चाक वरखाली झाले की रबर थोडा पीळ खाते आणि परत जागेवर येते. कुणी नागपूरच्या गॅरेजचे नाव काढले तेव्हा मामा म्हणाला, घरी एसटीचा मिस्त्री असताना नागपूर कायले? बापलेकांनी अंगणात गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चाके काढली, बुश बदलले, चाके परत चढवली, बुशचे बोल्ट करकचून आवळले. बुद्धभूषणने त्याचा व्हिडिओ मला, त्याच्या आतेबहिणीला, पाठवला. मी डिप्लोमा करून नुकतीच सस्पेन्शनचे भाग तपासणाऱ्या कारखान्यात लागले होते. व्हिडिओ पाहून मी अंगठा पाठवला.

आठ महिन्यांनी, मार्चमध्ये, गोरेगावजवळ नवरदेवाला पोचवून बुद्धभूषण परत येत होता. तो दमला होता म्हणून गाडी त्याचा मित्र ओमेश चालवत होता. ओमेश शाळेची व्हॅन चालवायचा, गावातली निम्मी पोरे त्याच्या भरवशावर शाळेत जायची. दुपारचे तीन वाजले होते. रस्त्यात एक गोऱ्हा आला, ओमेशने ब्रेक मारला आणि गाडी डावीकडे मोहाच्या झाडावर गेली. डाव्या सीटवर बुद्धभूषण होता.

गाडीनेच ओढले, असे ओमेश पहिल्या दिवसापासून सांगत होता. कुणी ऐकले नाही. तपासणीच्या कागदावर ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक असे होते. मामाने जबाब लिहून दिला की गाडी मी स्वतः दुरुस्त केली होती, तिच्यात दोष नव्हता. मयताला ओमेश आला तेव्हा मामाने त्याला चार लोकांसमोर परतवून लावले. तो झोपला असणार, हे गावाने ठरवून टाकले. त्याच्यावर खटला लागला, व्हॅन गेली. आता तो राइस मिलमध्ये पोती उचलतो.

वर्षभराने गाडी पोलिसांकडून सुटून घरी आली. मामाने ती बघितली, तिच्यावर ताडपत्री टाकली, आणि चार दिवसांनी ताडपत्री काढली. पोराची गाडी अशी वाकडी ठेवायची नाही, असे त्याने मला फोनवर सांगितले. नवे बुश घेऊन ये म्हणाला. मी नागपूरहून ते घेऊन गेले. थंड झाले की बुश जरासे आकसतात आणि बसवायला सोपे जातात, म्हणून आम्ही ते फ्रीजरमध्ये ठेवले, मामीच्या मटारच्या पिशवीशेजारी.

डावा आर्म झाडाने वाकलेला होता. तो काढायला पूर्ण सकाळ गेली. बुश फाटलेला होताच. मामाने तो माझ्याकडे टाकला आणि झाडाने फाडला असे म्हणाला. मग उजवी बाजू. इथे रंगसुद्धा खरचटला नव्हता. गोटी पाना लावून मामाने बोल्ट सोडला, आर्म हातात आला.

उजवा बुशही फाटलेला होता. तसाच, त्याच बाजूने, पीळ दिल्यासारखा. फाटीत धूळ जाऊन बसली होती आणि रबराच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. एका धक्क्यात असे होत नाही. त्याला महिने लागतात.

मामाने तो माझ्यापुढे धरला.

"सांग. तू शिकलेली हायस. इकडं तं झाड लागलंच नाई."

मला सांगावे लागले. बोल्ट आवळताना गाडीचे वजन चाकांवर असायला हवे. चाके लोंबकळत असताना आवळला, की रबर त्या लोंबत्या जागेवर पकडले जाते. मग गाडी खाली टेकली की उभी असतानाही ते पिळलेलेच राहते, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात आणखी. शेवटी फाटते. फाटले की ब्रेक मारल्यावर चाक आपली जागा सोडते आणि गाडी एका बाजूला ओढली जाते. फाटक्या रबरावरून अपघाताचे शंभर टक्के कारण सांगता येत नाही, हेही मी सांगितले. ते त्याने ऐकले नाही.

तो फक्त एवढेच म्हणाला की खड्ड्यावर बस नेहमी चाकांवरच उभी असायची. एकतीस वर्षे त्याने बरोबर काम केले होते, कारण खड्ड्यात दुसऱ्या रीतीने करताच येत नव्हते. का ते कुणी सांगितले नाही, त्यालाही विचारायची गरज पडली नाही. अंगणात खड्डा नव्हता. आणि मी व्हिडिओत लोंबणारे चाक पाहिले होते.

जेवताना मामाने मामीला सगळे सांगितले. तिने ताट सरकवले.

"आता सांगून का होते? पोरगा येते का वापस? आपल्या हातानं गेला म्हणून सांगसान गावाले?"

"ओमेश रोज पोते उचलून राहिला, अंजना."

"उचलू दे," मामी म्हणाली, आणि मग तोंडाला पदर लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने दोन्ही बुश रुमालात बांधले. मी सोबत गेले. ओमेश कामावर निघायच्या तयारीत दारात उभा होता, खांद्यावर पोत्याचा तुकडा. मामाला पाहून तो मागे सरकला. मामाने ओट्यावर रुमाल उघडला आणि सांगितले, एका दमात, काही न वगळता. लोंबते चाक, पीळ, उजवी बाजू. ओमेशने दोन्ही बुश उचलले, उजव्याची फाट अंगठ्याने उघडली, मिटली.

"म्हणजे मी झोपलो नवतो?"

"नाई."

"मलेच वाटून राहिलं होतं, मिस्त्रीकाका. सगळे म्हणत होते, तं वाटलं लागला असन डोळा. रोज आठवून पायतो. गोऱ्हा दिसते, ब्रेक दिसते, पुढचं नाई दिसत."

"तू ब्रेक मारला. गाडी माया हातानं गेली."

घरातून ओमेशच्या आईने, सुशिलाबाईने, डोकावून पाहिले आणि ती परत आत गेली. पाण्याचा तांब्या आला नाही.

"तुमी मले मयताले येऊ नाई देल्लं," ओमेश म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता.

मामाने ओट्यावरचा रिकामा रुमाल उचलला.

"कोर्टात सांगसान?"

"सांगीन."

ओमेशने डावा बुश मामाच्या हातात परत दिला. उजवा त्याने खिशात घातला. तुमी नाई सांगतलं तं मी दाखवीन, असे म्हणून तो कामावर गेला.

पुढच्या तारखेला मामा गोंदियाच्या कोर्टात उभा राहिला. आधी तर दोष नव्हता असे लिहून दिले होते, असे वकिलाने विचारले. तेव्हा मला माहीत नव्हते, असे मामाने सांगितले. लिहून घेणाऱ्या बाईने बुश म्हणजे काय ते दोनदा विचारले. ओमेशने खिशातून तो काढून टेबलावर ठेवला. निकाल अजून लागलेला नाही. बाहेर बसस्टँडवर दोघे एकाच बसची वाट बघत होते. बस आली तेव्हा ओमेश पुढच्या दाराने चढला. मामा चढला नाही. पुढच्या बसने येतो म्हणाला.

गाडी अंगणात ठोकळ्यांवर आहे, पुढची चाके काढलेली. नवे बुश अजून फ्रीजरमध्येच आहेत. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा मामीने बर्फ खरवडताना ते काढून ओट्यावर ठेवले, फ्रीजर पुसला, मामाकडे पाहिले. मामा दारात बसून होता. मग तिने ते परत आत ठेवले.