दनियलभाऊजी आणि सकूबाईचा दाखला

भाऊजी गेल्याची बातमी मला कोर्टाच्या टायपिंगच्या खोलीत मिळाली. शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "दीनाबाई, तुमचे मास्तर गेले." यंत्रात जमिनीच्या दाव्याचं एक प्रतिज्ञापत्र होतं आणि चार ओळी उरल्या होत्या. त्या मी पुऱ्या केल्या, कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि मग उठले. कोणाला हे निर्दयपणाचं वाटेल. पण काम अर्धं टाकून उठलेलं भाऊजींना आवडलं नसतं, आणि घरी जाऊन रडण्याआधी मला दुसरंच काम होतं. दहा पुरुष गोळा करायचे होते. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आमच्यात माणूस शक्यतो त्याच दिवशी पुरतात. मी लहान असताना पनवेलमध्ये आमच्या एका गल्लीतून दहा पुरुष निघत. त्या दिवशी सगळं गाव फिरून आठ मिळाले. उरलेले दोघे उरणहून एसटीने आले, तोवर भाऊजी थांबून राहिले. बाकीचे सगळे इस्रायलला गेलेले. आणि त्याच इस्रायलच्या एका कचेरीने शेवटची दोन वर्षं या माणसाला विचारलं होतं की, तुम्ही ज्यू कशावरून?

पाच आठवडे थांबले. राग उतरला नाही. म्हणून आता तसाच लिहिते.

आम्ही बेने इस्रायल. कोकण किनाऱ्यावर किती शतकं आहोत ते आम्हालाही नक्की सांगता येणार नाही. आमचे वाडवडील तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून आसपासच्या गावांत आम्हाला शनिवार तेली म्हणत. दनियलभाऊजी माझ्या थोरल्या बहिणीचे, एस्तेरचे यजमान. स्वातंत्र्याच्या सहा-सात वर्षं आधी ते आमच्या घरात जावई म्हणून आले तेव्हा मी परकर-पोलक्यातून नुकती बाहेर पडत होते. ते नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते. शनिवारी सकाळी शाळा असे, आणि शनिवारी काम करायचं नाही हा आमचा धर्म. हेडमास्तरांना त्यांनी सरळ सांगितलं, शनिवार मला द्या, रविवारी मी शाळेचं वाचनालय उघडून बसेन. तेवीस वर्षं ते रविवारी वाचनालय उघडून बसले. पोरं त्यांना 'रविवारचे मास्तर' म्हणत. शनिवारी ते आमच्या प्रार्थनामंदिरात, ज्याला गावात अजून इस्रायलांची मशीद म्हणतात, तिथे प्रार्थना वाचत. पगार नाही, मानधन नाही. पनवेल आणि आसपासच्या खेड्यांतली आमची लग्नं तेच लावत. आमच्यात शिकलेले रब्बी कधी नव्हतेच. होते ते असे मास्तर आणि कारकून, ज्यांनी बापाकडून ऐकून प्रार्थना पाठ केल्या आणि पुढे चालवल्या.

इस्रायलचं राज्य झालं तेव्हा आमच्या घरात सगळे आनंदाने रडले, मी सोडून. मला रडायला वेळ लागतो. मग एकेक घर निघू लागलं. शेजारचे बंद पेट्या घेऊन गोदीवर गेले की भाऊजी त्यांना सोडायला जात आणि एकटेच परत येत. मी विचारलं, "भाऊजी, तुम्ही का नाही जात?" ते म्हणाले, "सगळेच गेले तर मागे राहिलेल्याला पुरणार कोण?" हे ते गंमतीत म्हणाले होते. एस्तेर क्षयाने गेली तेव्हा त्यांची मुलगी राहेल नऊ वर्षांची होती. मी आणि भाऊजींनी मिळून तिला वाढवली. ती एकोणीस वर्षांची झाल्यावर तिच्या काकांच्या कुटुंबाबरोबर तिकडे नर्सिंग शिकायला गेली. पत्रं नियमित येत. हिब्रू बोलायला लागले, थंडी फार आहे, कोकमं पाठवा... असलं सगळं.

मग एक पत्र आलं की तिला योसेफ नावाच्या मुलाशी लग्न करायचं आहे. मुलगा पोलंडकडून आलेल्या कुटुंबातला, वीज खात्यात कामाला. भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरं आहे. वीज खातं बरं." आठ दिवसांनी दुसरं पत्र. त्या देशात लग्न सरकारी कचेरीत होत नाही, धर्माधिकाऱ्यांकडेच नोंदवावं लागतं. आणि त्या धर्माधिकाऱ्यांनी हुकूम काढला होता की बेने इस्रायलांपैकी कोणी बाहेरच्या ज्यूंशी लग्न करत असेल तर, ज्यूपण आईकडून येतं म्हणून, आधी त्याची आई, आईची आई, तिची आई, अशी मागची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करा. शंका अशी की इतकी शतकं हे लोक हिंदुस्थानात होते, यांच्यात बाहेरचं रक्त मिसळलं नसेल कशावरून? यांचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून? राहेलने लिहिलं होतं, "मावशी, कचेरीच्या खिडकीतल्या माणसाने मला आजीचं नाव विचारलं. मी सकूबाई सांगितलं. तो हसला आणि लिहिलेलं नाव बाजूच्याला दाखवलं."

सकूबाई माझी आई. ती कशी होती हे सांगायची ही जागा नाही, पण तिच्या चुलीत शनिवारी कधी विस्तव पडला नाही. शुक्रवारी दुपारी भाकऱ्या थापून फडक्यात बांधून ठेवी. त्या भाकरीसारखी कडक बाई. तिच्यावर कोणी परदेशातल्या खिडकीत हसावं?

भाऊजींनी कागद जमवायला घेतले. आमच्याकडे लग्नाच्या वह्या नीट ठेवलेल्या नव्हत्या. होते ते माणसांच्या आठवणी आणि कबरीवरचे दगड. रोडपालीला आमच्या आजोबांचा घाणा होता, म्हणून आम्ही दोघं तिथल्या हाशा पाटलांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी अधू, पण आवाज मिठागरापलीकडे हाक मारण्याजोगा.

"कशाचा दाखला पायजे तुमाला?"

"आम्ही ज्यू आहोत याचा," भाऊजी म्हणाले.

"म्हंजे?"

"शनिवार तेली आहोत याचा."

म्हातारा बराच वेळ हसला. "आरं, तुज्या सासऱ्याच्या बापाचा घाना शनवारी कदी फिरला नाय. आमचा तीळ पडून ऱ्हायचा, आमी शिव्या घालायचो. यान्ला आता कागूद पायजे? तिकडं कोनी शनवार पालीत नाय का?" मग त्याने अंगठा दिला. मी ते प्रतिज्ञापत्र टाइप केलं आणि कोर्टात रीतसर करून घेतलं. माझ्या नोकरीत मी इतकं खरं प्रतिज्ञापत्र दुसरं टाइप केलेलं नाही. तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं : अन्यधर्मीयाची साक्ष ग्राह्य नाही.

आता माझ्याबद्दल. चूक मी केली, तीही लिहायला हवी.

भाऊजींनी स्वतःच्या हाताने मराठीत एक दाखला लिहिला. राहेलची आई एस्तेर, तिची आई सकूबाई, तिची आई बाळूबाई. त्याचं इंग्रजी मी करायचं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, प्रार्थनेत आईचं हिब्रू नाव सारा घेत होते ना? मग सारा लिहू. आजीचंही असेलच काहीतरी."

"तिला सारा कोणी म्हटलं?"

"प्रार्थनेत म्हणायचे."

"वर्षातून दोनदा. दगडावर सकूबाई आहे. दाखल्यात सारा लिहिलं तर दगड खोटा की दाखला?"

"भाऊजी, तिथल्या खिडकीत बसलेल्याला दगड दिसणार नाही."

"म्हणून तर बरोबर लिहायचं," ते म्हणाले, आणि विषय संपवला.

मी संपवला नाही. कोर्टात पंधरा वर्षं काढलेल्या बाईला वाटतं की कागद कसा असावा हे तिला कळतं. वाचणाऱ्याला जे हवं ते त्याला द्यावं आणि काम मोकळं करावं. मी इंग्रजी प्रतीत सारा टाइप केलं. बाळूबाईचं मिर्यम केलं, तेही अंदाजाने. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा न लावता सही केली. मी टाइप केलेला कागद ते कधीच वाचत नसत.

तीन महिन्यांनी कचेरीचं उत्तर आलं. मुलीच्या जबाबात आजीचं नाव सकूबाई, बापाच्या दाखल्यात सारा. सबब दाखला संशयास्पद, सबब पुढील चौकशी, सबब विवाहनोंदणी स्थगित. त्या एका सबबीने दीड वर्ष गेलं. भाऊजींनी उत्तर हातात धरून मला विचारलं, "दीना, सारा कोणी लिहिलं?" मी म्हटलं, मी. दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीला स्वतः पत्र लिहिलं की नावातला फरक माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, सही मी न वाचता केली, जबाबदारी माझी. माझं नाव त्यात नव्हतं. मी भांडले. ते म्हणाले, "सही माझी आहे." तेवीस वर्षं वर्गात पोरांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' सांगणाऱ्या माणसाने असं लिहून द्यावं, यातला अपमान मी त्यांच्यावर आणला. तो माझ्या पदरी आहे.

पण मी दोन नावं बदलली. त्या कचेरीने एक अख्खा समाज बदलायला सांगितला. राहेलला सुचवण्यात आलं की एवढा त्रास कशाला, विधिपूर्वक पाण्यात बुडी मारा, नव्याने धर्मात आल्यासारखं करून घ्या, लगेच नोंद करू. म्हणजे शुद्ध करून घ्या. शुद्ध हा शब्द कोणाला कोण कशासाठी म्हणतो ते या देशात राहिलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पत्र वाचून भाऊजी इतकंच म्हणाले, "तिने बुडी मारली की तिची आई काय ठरते?" राहेलने बुडी मारली नाही.

तिकडे आमचे लोक पोराबाळांसकट सरकारी दारात धरणं धरून बसले. राहेल सुटीच्या दिवशी जाऊन बसायची. मग वर्तमानपत्रातून हळूहळू कळलं की अडचण धर्माची जेवढी, तेवढीच मतांची. सरकार आघाडीचं. त्यात धार्मिक पक्ष. तो बाहेर पडला तर सरकार डळमळणार, म्हणून लग्नाची दारं त्या लोकांच्या हातात ठेवायची. राज्य टिकवायला त्यांनी आमच्या आज्या तपासायला दिल्या. यापेक्षा सभ्य शब्दांत मला हे सांगता येत नाही. शेवटी फारच गवगवा झाला तेव्हा हुकूम बदलला. आमच्या जमातीचं नाव काढून टाकलं आणि त्या जागी घातलं, ज्यांच्याविषयी शंका असेल असे कोणीही. मुंबईत आमच्या पुढाऱ्यांनी आभाराचे ठराव केले. मला त्यांना विचारायचं आहे की शंका कोणाविषयी येते ते कोण ठरवणार? खिडकीतला माणूस. काय बघून? रंग बघून, आणि सकूबाई ऐकून.

आमच्या गल्लीतले डॉक्टर एकदा वर्तमानपत्र घेऊन आले. "काय मास्तर, तुमच्या देशात काय चाललंय हे?"

"माझ्या देशात रॉकेलची रांग चालली आहे डॉक्टर," भाऊजी म्हणाले. "तुम्ही म्हणता तो मुलीचा देश."

डॉक्टर हसले. मी भाऊजींकडे बघत होते. ते हसत नव्हते. तिकडच्या ज्या पवित्र गावाकडे तोंड करून त्यांनी जन्मभर प्रार्थना म्हटली, तिथल्या माणसांनी त्यांना परकं म्हटलं होतं, आणि त्यांना ते कोणालाही सांगता येत नव्हतं. सांगितलं तर इथले म्हणणार, बरं झालं, गेला नाहीत. तसं कोणी म्हटलेलं त्यांना चाललं नसतं. त्या देशाची बाजू त्यांनी बाहेरच्या माणसासमोर कधी सोडली नाही. घरात मी बोलायला लागले की उठून अंगणात जात. मला त्याचाही राग यायचा. आजही येतो. रागावण्याचा हक्क सगळ्यांत जास्त ज्याचा होता तोच माणूस रागावत नव्हता, मग राग मी किती करायचा...

शेवटची भेट आदल्या शुक्रवारची. पायांना सूज होती, डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली होती. मी औषधं लावून दिली. त्यांनी विचारलं, "टपाल?" मी म्हटलं, "नाही." "येईल," ते म्हणाले.

आलं. त्यांना पुरल्यानंतर नवव्या दिवशी. आमची तार आणि तिचं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असणार. राहेलने लिहिलं होतं, "मावशी, ठरलं. आम्ही रजा घेऊन पनवेलला येतो. देशाबाहेर लागलेलं लग्न यांना नोंदवून घ्यावंच लागतं असं वकील म्हणाला. बाबाच लग्न लावतील. त्यांना सांग, घसा सांभाळा."

तार मिळाल्यावर तिने पुन्हा लिहिलं, तरी येतो. मी कामाला लागले. प्रार्थना वाचायला अलिबागकडचे एक गृहस्थ तयार झाले. दहा पुरुषही जमतील, योसेफ धरून. अलिबागच्या गृहस्थांनी निरोप धाडला, केतुबा लिहून ठेवा. केतुबा म्हणजे आमच्या लग्नाचा करार. हिब्रू अक्षरांत हाताने लिहितात आणि लग्नात सर्वांसमोर वाचतात. ते अक्षर आता पनवेलमध्ये कोणाला लिहिता येत नाही. भाऊजींचा एखादा जुना नमुना सापडेल म्हणून मी त्यांची ट्रंक उघडली. वरच, प्रार्थनेच्या शालीच्या घडीत, एक केतुबा होता. पुरा लिहिलेला. नमुना म्हणून बघायला गेले तर नावं दिसली, तेवढी ओळखण्यापुरती अक्षरं मला येतात : योसेफ, आणि राहेल. कागदाची कड पिवळी पडली होती. म्हणजे तिचं पहिलं पत्र आलं तेव्हाच त्यांनी तो लिहून ठेवला असणार, दाखल्याच्याही आधी.

मी तो उरणच्या एका जाणत्या म्हाताऱ्याकडून ओळ न्‌ ओळ वाचून घेतला. न वाचता कागद पुढे करायचं मी आता सोडलं आहे. मजकूर सगळ्या जगातल्या ज्यूंचा एकच आहे, तो म्हातारा म्हणाला, पोलंडचा असो की पनवेलचा. त्या खिडकीमागच्या धर्माधिकाऱ्याचं लग्नही असल्याच कागदावर लागलं असेल. मी विचारलं, "यात मुलीच्या आजीचं नाव कुठे येतं?"

म्हाताऱ्याने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितला. "आजीचं? राहेल, दनियलची मुलगी. एवढंच लागतं. आजीला जागाच नाही यात."

तारखेची जागा भाऊजींनी मोकळी ठेवली आहे.