नानांची गोटी आणि मी आणलेली चेटकीण

आई गेली त्यानंतर दीड महिन्याने मी घरात चेटकीण आणली. पिशवीत घालून, सिटी बसमधून, मांडीवर ठेवून आणली.

माझा दोष इतकाच, की मला क्रिकेट हवं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. केबलवाला नुकताच आमच्या मखमलाबादपर्यंत पोचला होता आणि टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम बाजारात आले होते. खेळणारा मात्र मी नव्हतो. खेळवायचं होतं आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना. वय वर्षं चौसष्ट.

नानांनी जन्मभर शेवंती आणि गुलाब पिकवला. आई गेली तसं त्यांनी मळ्याकडे बघणं सोडलं आणि बोलणंही बंद केलं. स्मशानात रडले नाहीत, दहाव्याला रडले नाहीत. जेवायला वाढलं तर जेवायचे. एरवी खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे. (भिंतीवर काहीही नव्हतं. साधं कॅलेंडरसुद्धा नव्हतं!) भेटायला येणारे म्हणायचे, "नामदेव मोठा खंबीर हो!" आणि मीही मान डोलवायचो. जसं काही खंबीरपणाचं सर्टिफिकेट मीच दिलं होतं.

ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "त्यांचं मन कशात तरी रमव." नानांना क्रिकेट आवडायचं. मी थेट शहरातला मेन रोड गाठला.

"साहेब, गेमबरोबर ही क्रिकेटची कॅसेट घ्या," दुकानदार म्हणाला. "बॅट्समन अगदी जिवंत वाटतो!"

घरी येऊन लावली. जिवंत असं कुणीच नव्हतं! कॅसेटवर बॅटचं चित्र आणि आत स्मशान. काळं आभाळ, वटवाघळं, जबडा उघडझाप करणारी कवटी, आणि या सगळ्यांत आपटत फिरणारी एक पांढरी गोटी. खाली दोन पट्ट्या. बटण दाबलं की पट्टी उडते आणि गोटीला वर ढकलते. चुकलं, की गोटी दोन पट्ट्यांच्या मधून खाली थडग्यात पडते, थडग्याचं झाकण धाडकन बंद होतं आणि एक चेटकीण ही-ही-ही करून हसते.

दुःखाच्या घरात!

"अहो, बंद करा ते!" माझी बायको सुनीता स्वयंपाकघरातून ओरडली. मी बटण शोधत होतो, तेवढ्यात नानांनी हात पुढे केला आणि गेमचा रिमोट माझ्या हातातून काढून घेतला. गोटी दोनदा वर गेली. तिसऱ्यांदा पडली. झाकण. ही-ही-ही.

"गेली," नाना म्हणाले.

दीड महिन्यातला पहिला शब्द! मी आनंदाने सुनीताला मिठी मारली. (तिच्या हातात कणीक होती. माझ्या शर्टाला अजून डाग आहे.)

त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की नाना आणि चेटकीण समोरासमोर. नाना पटाईत झाले. पण मग ते भलतंच काही करू लागले. गोटी एका पट्टीवर अडवायची आणि बटण दाबून तशीच धरून ठेवायची. पाच-पाच मिनिटं.

"नाना, मारा की! पॉइंट मिळतील!" मी म्हणायचो.

"राहू दे. थांबू दे तिला जरा."

मला वाटलं, डावपेच आहे. मी ऑफिसात सांगितलंसुद्धा, की आमचे नाना फार धोरणी खेळतात. धोरणी! मीच मूर्ख होतो, दुसरं काय.

एका रविवारी पिंपळगाव बसवंतहून अंजना आत्या आली. नानांची थोरली बहीण. मी मागच्या दारी शेवंतीला पाणी देत होतो, सुनीता दळणाला गेली होती. आत्या पुढच्या दाराशी आली. आतून बाईचं विकट हसणं, पाठोपाठ धाकट्या भावाचा आवाज, "जाऊ नको गं! इकडं ये... इकडं... गेलीस ना शेवटी!"

आत्याने पिशवी तिथेच टाकली आणि अशी बोंब ठोकली, की शेजारचे पगारकाका लुंगी सावरत, हातात फावडं घेऊन धावत आले.

"काय झालं आक्का?"

"नामाला धरलंय! बाई हाय आत! हसती!"

मीही धावलो, पायाला चिखल, हातात पाण्याचा पाइप. "आत्या, घाबरू नकोस! चेटकीण मीच आणलीय!"

"तू आणली?"

"हो, मेन रोडवरून!"

"तिथं मिळत्यात?" पगारकाका म्हणाले. त्यांचं फावडं आता माझ्याकडे वळलं होतं.

"काका, क्रिकेट मागितलं होतं, चुकून ही दिली!" मी जीव तोडून सांगितलं. आता दाखवतोच म्हणून टीव्हीकडे झेप घेतली आणि बंद करायच्या ऐवजी आवाज मोठा केला. नेमकी गोटी पडली. ही-ही-ही! अख्ख्या गल्लीत.

आत्याने देवघरातला तांब्या उचलला आणि सगळं पाणी टीव्हीवर ओतलं. निम्मं चेटकिणीवर, निम्मं माझ्यावर. टीव्हीतून फट्ट असा आवाज आला, थोडा धूर निघाला आणि पडदा काळा झाला. पगारकाकांनी समयसूचकता दाखवून मेन स्विच पाडला.

नाना रिमोट हातात धरून काळ्या पडद्याकडे बघत होते.

"धरली होती मी तिला," ते हळूच म्हणाले.

"कोणाला रं नामा?" आत्या त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसली.

"दवाखान्यात. रातभर हात धरला होता तिचा. सकाळी चहाला म्हणून खाली गेलो अन् वर आलो तर..." त्यांनी तोंडावर उपरणं धरलं आणि रडायला लागले. चौसष्ट वर्षांचा माणूस, लहान लेकरासारखा. आत्याने त्यांचं डोकं खांद्याशी घेतलं. "रड बाबा, रड. लय दिवस धरून बसला."

आणि मी? मी टीव्हीपाशी ओलाचिंब उभा होतो. त्या सकाळी दवाखान्यात नानांना मीच म्हणालो होतो, "नाना, जरा चहा पिऊन या. मी आहे ना इथं." मी होतो. पण आईच्या उशाशी बसून पेपर वाचत होतो. तिचा हात कुणीच धरला नव्हता. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, सुनीतालासुद्धा नाही.

ते आता सांगून टाकलं. एका दमात, सगळ्यांसमोर. सांगता सांगता मला जे रडू फुटलं, ते काही केल्या थांबेना! हुंदके, उचकी, नाक, सगळंच. दळणाचा डबा घेऊन दारात आलेली सुनीता घाबरून तिथंच उभी राहिली. नानांनी स्वतःचे डोळे पुसले आणि ते खुर्चीतून उठले. जवळ येऊन माझ्या ओल्या पाठीवरून हात फिरवला.

"आक्का, याला आधी पाणी दे," ते म्हणाले. "मीच गेलो असतो चहाला, यानं नसतं सांगितलं तरी. लय तल्लफ आली होती."

त्या दिवसापासून नाना बोलू लागले, मळ्यात जाऊ लागले. लोक अजूनही सांत्वनाला यायचे, पण नानांना बाजूला घेऊन हळूच विचारायचे, "मुलगा सावरला का हो?"

नाना माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायचे. "हळूहळू. जरा हळवाच हाय तो."