बांगड्यांच्या पेटीतली तेवीस कार्डं

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग जरा लाज वाटते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, निवडणुकीतल्या मारामाऱ्या पाहिल्या. पण लोकांनी आठवण सांगा म्हटलं की माझ्या तोंडी हीच केस येते. या केसमध्ये शेवटपर्यंत गुन्हा दाखल झाला नाही, आणि चूक निघाली ती ठाणेदाराची. ठाणेदार मीच होतो.

नोटाबंदी होऊन वर्ष होत आलं होतं. बोंडअळीनं कपाशी पोखरली होती, बाजारात पैसा फिरत नव्हता, आणि वरून आदेश असा होता की सगळे व्यवहार कॅशलेस करायचे. मी तेव्हा अंजनगाव सुर्जीच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, कारण त्यातले बरेच जण अजून नोकरीत आहेत आणि त्यांना बढत्या हव्या आहेत. आमच्या कसब्यात चालू स्थितीतलं एटीएम एकच. त्याच्या शेजारच्या भिंतीवर हातात कार्ड धरलेल्या हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र रंगवलं होतं आणि त्या चित्राखाली खरे शेतकरी रोख पैशासाठी तासन् तास उभे असत. त्यांच्यापैकी हसताना मला कोणी दिसला नाही.

एका सोमवारी एटीएमसमोरचा न्हावी ठाण्यात आला. तो आमचा जुना खबरी. दाढी करता करता गावाची सगळी बातमी त्याच्याकडे जमा व्हायची.

"साहेब, एक म्हातारा दर मंगळवारी येते," तो म्हणाला. "एक कार्ड टाकते, पैसे काढते. मंग दुसरं टाकते, मंग तिसरं. मागचे लोक शिव्या देतेत, पण तो आपला कार्डावर कार्ड टाकूनच राहिला."

मी खुर्चीत सरळ बसलो. बनावट कार्डांनी एटीएम लुटणाऱ्या टोळ्यांपासून सावध राहा, असं पत्रक नुकतंच आलं होतं. टोळी पकडली तर बक्षीस, वर्तमानपत्रात फोटो, आणि अमरावती शहरात बदली. मी मनातल्या मनात सामानसुद्धा बांधलं.

मंगळवारी सकाळी सापळा लावला. आमचे जुने हवालदार आणि एक शिपाई साध्या कपड्यांत रांगेत उभे राहिले. मी समोर न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला साबण लावून बसलो. अकराच्या सुमारास म्हातारा आला. मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर टोपी, सायकलच्या कॅरिअरला बांगड्यांची लाकडी पेटी. त्यानं पेटी हातात घेतली, रांग धरली, पाळी आल्यावर आत गेला आणि कामाला लागला. चौथं कार्ड यंत्रात जाताच मी साबणासकट रस्ता ओलांडला आणि त्याचा हात धरला.

पेटीच्या तळाशी, बांगड्यांच्या खाली, तेवीस कार्डं निघाली. आता पंचनामा करायला दोन पंच हवे होते. रांगेत पन्नास माणसं होती, पण पंच व्हायला एकही रांग सोडेना. "साहेब, पंच होतो, पण नंबर माझा राह्यला पायजे," असं एकानं स्पष्टच सांगितलं. शेवटी मी यंत्राच्या दारात शिपाई उभा केला, रांग जागच्या जागी थांबवली आणि पंचनामा रांगेतच लिहिला. सह्या करताना पंच एक पाऊलही हलले नाहीत. दारात उभा केलेला शिपाई मात्र दिसेना. पाहतो तर तो आत स्वतःचा पगार काढत होता. इतका वेळ उभा राहिल्यावर नंबर वाया कशाला घालवायचा, असं त्याचं म्हणणं.

म्हाताऱ्याला ठाण्यात आणून स्टेशन डायरीत नोंद केली. तो फिरता बांगडीवाला होता, आसपासच्या आठदहा गावांत सायकलवर माल विकायचा. मी चौकशी सुरू केली.

"कार्डं कोणाची?"

"बायकांची, साहब."

"कोणत्या बायकांची?"

"बांगड्या घालतेत त्या."

हवालदार खोकले. मी टेबलावर रूळ आपटला आणि नावं विचारली.

"नावं नाई सांगणार," तो शांतपणे म्हणाला. "तुमी लिहिसान. लिहिलं का कागद होते, अन् कागद झाला का घरापर्यंत जाते. त्यायच्या घरवाल्यायले हे कार्ड कुठं हाय ते मालूम नाई. मालूम झालं तं बाईनं निंदणाखुरपणातून जमवलेला पैसा सांजेपर्यंत दारूच्या भट्टीवर जाईन. मले आत टाकाचं तं टाका. माराचं तं मारा. पण पेटीले धक्का लागू देऊ नका, काच हाय."

प्रत्येक संशयिताजवळ एक हळवी गोष्ट तयार असते, हा माझा अनुभव. मी ती गोष्ट बाजूला ठेवली आणि मुद्देमाल तपासला. कार्डं बँकेच्या खातं उघडण्याच्या शिबिरात झटपट वाटलेली होती, त्यामुळे त्यांच्यावर कोणाचंच नाव छापलेलं नव्हतं. बँकेत विचारलं तर लेखी पत्र द्या, वरून परवानगी येईल, आठ दिवस लागतील. पिनचे आकडे कुठेही लिहिलेले नव्हते. मात्र प्रत्येक कार्ड कागदाच्या पुडीत होतं आणि पुडीवर काहीतरी खूण होती. 'दोन-चार, हिरवा.' 'दोन-आठ, लाल.' 'दोन-सहा, मोरपंखी.'

संकेत! मी दार लावून घेतलं आणि अमरावतीच्या एका हुशार सहकाऱ्याला फोन केला. त्यानं अर्धा तास विचार करून सांगितलं की पहिला आकडा राज्याचा असावा, दुसरा टोळीतल्या माणसाचा, आणि रंग म्हणजे बँक. मी ते सगळं फळ्यावर लिहिलं. आकृतीही काढली. हवालदारांनी आकृतीत दोन बाण वाढवले.

तेवढ्यात आमच्या महिला शिपाई डायरीवर सही घ्यायला आत आल्या. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, पदरासारखा रुमाल तोंडाला लावला आणि हसू आवरेना म्हणून मागे वळल्या.

"काय झालं?" मी दरडावलं.

"सर, हे बांगडीचं माप हाय," त्या म्हणाल्या. "माझं दोन-चार. कोणत्याई बाईले विचारा."

सोळा माणसांच्या ठाण्यात हे कळायला एक बाई आत यावी लागली. मी स्वतः फळा पुसला.

पण माप कळलं म्हणून संशय संपत नव्हता. कायद्यानं माझ्या हातात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचा वेळ होता. त्याच्या आत एक तर म्हाताऱ्याला कोर्टात उभं करायचं, नाही तर सोडायचं. त्याला मी कोठडीत न टाकता बाकावर बसवलं. मन पुरतं कठोर होत नव्हतं, आणि त्याचा मलाच राग येत होता.

बुधवारी सकाळी फाटकावरचा शिपाई धावत आला. "सर, मोर्चा! बायकांचा!"

बाहेर बावीस बायका उभ्या होत्या. पुढे एक वयस्क अंगणवाडी सेविका होती, शेजारच्या गावातल्या बौद्ध वस्तीतली. तिनं खणखणीत जयभीम घातला आणि सरळ मुद्द्यावर आली.

"साहेब, आमच्या चाच्याले कावून बसवून ठेवलं?"

"बाई, त्याच्याकडे तुमची कार्डं सापडली. पिनसुद्धा त्याला माहीत आहेत. हा गुन्हा आहे."

"कायचा गुन्हा? कार्ड आमीच देलं, नंबर आमीच सांगतला. बँकेत जाचं तं रोज बुडते, वर घरचा माणूस इचारते कुठं चालली. चाचा पैसे आणते अन् पेटीतून हातात देते. आजवर दहा रुपयाचा फरक नाई पडला."

"पण पिन कोणालाही सांगायचा नसतो!" माझा आवाज चढला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

"सांगतलं ना. तुमीच सांगतलं," ती म्हणाली. "ग्रामपंचायतीसमोर सभा घेतली होती तुमी. नवऱ्याले सांगू नका म्हणे, पोराले सांगू नका, बँकेवाल्याले सांगू नका, पोलिसालेबी सांगू नका. आमी एकालेबी नाई सांगतलं. चाच्याचं नाव तुमी घेतलं नव्हतं."

मागच्या एकवीस जणींनी माना डोलावल्या. सभा घेतली होती हे खरं, आणि टाळ्या पडल्या म्हणून मी ती यादी दोनदा म्हणून दाखवली होती हेही खरं. हवालदार छताकडे पाहायला लागले.

संशय निराधार असल्याची नोंद मी डायरीत केली. राहिला प्रश्न मुद्देमाल परत देण्याचा. कार्डावर नाव नाही, बायका नाव लिहू देत नाहीत, आणि पावती घेतल्याशिवाय मी वस्तू देत नाही. बराच वाद झाल्यावर असं ठरलं की पावतीवर फक्त कार्डाचा क्रमांक आणि बाईची सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि पावत्या माझ्या कपाटात कुलूपबंद ठेवायच्या. कोणतं कार्ड कोणाचं हे ठरवायला मग चाचाच लागला. महिला शिपायांनी एकेकीला आत आणलं. चाचा मान वर करून कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हता. समोर आलेल्या मनगटाकडे एक नजर टाकायचा आणि पुडी काढायचा.

"दोन-सहा, मोरपंखी. दोन-आठ, लाल. बेटी, वाळली तू. मागच्या खेपेले दोन-आठ होती, आता दोन-सहा लागीन."

"इतके पिन लक्षात कसे राहतात?" मी विचारलं.

"साहब, तीनशे बायकायचे मनगटं पाठ हायेत. चार आकड्याचं काय घेऊन बसले?"

बावीस पुड्या गेल्या. एक उरली. 'दोन-सहा, मोतिया.' चाचा खाली पाहत राहिला.

"ही कोणाची?"

"ते राहू द्या, साहब."

"मालकीण येऊन सही करेल तेव्हाच देईन. नियम म्हणजे नियम."

"मंग तुमच्याजवळच राहू द्या," तो म्हणाला, सायकलला पेटी बांधली आणि निघून गेला.

दुपारी क्वार्टरवर जेवायला गेलो. बायको वाढत होती. मी सगळी हकीकत रंगवून सांगितली. फळ्याचा भाग गाळला. "एक कार्ड मात्र पडून आहे," मी म्हणालो. "कोण बाई आहे कोण जाणे, यायलाही घाबरते. नवरा फारच कडक दिसतो."

तिनं पोळी ताटात ठेवली. "पावतीचा कागद संगं आणला असता तं इथंच सही केली असती," ती म्हणाली.

मी तिच्या हाताकडे पाहिलं. तिच्या मनगटावर मोतिया रंगाच्या बांगड्या होत्या. किती दिवसांपासून होत्या, मला सांगता आलं नसतं. चाचा आमच्या क्वार्टर्समध्येही यायचा, पण पुरुष ड्यूटीवर गेल्यावर, त्यामुळे आमच्यापैकी कोणी त्याला ओळखत नव्हतं.

मग तिनं सांगितलं. तिची विधवा बहीण तेल्हाऱ्याला राहते. पूर्वी एका लग्नात त्या घराशी माझं भांडण झालं होतं आणि यापुढे त्या घरी एक रुपया जाणार नाही, असा हुकूम मी काढला होता. बहिणीची मुलगी अकोल्याला नर्सिंग शिकत होती. तिच्या फीसाठी बायको शिवणकामाचे पैसे माझ्या नकळत उघडलेल्या स्वतःच्या खात्यात टाकायची. स्वतः एटीएमवर गेली असती तर न्हाव्यानं दहा मिनिटांत मला कळवलं असतं, म्हणून चाचा. चाचाची मुलगी तेल्हाऱ्यालाच दिलेली, तिच्याकडे जाताना तो पैसे पोहोचवायचा.

"मला विचारायचं तरी," मी म्हणालो.

"तुमी इचारू देता का?" ती म्हणाली. "घरातबी चौकशीच करता."

मला फार वाईट वाटलं. तो म्हातारा अख्खा दिवस माझ्यासमोर बसला, माझा आरडाओरडा ऐकला, आणि जिचं नाव सांगितलं नाही ती माझीच बायको होती. नाव सांगितलं असतं तर तो पाच मिनिटांत सुटला असता. त्यानं तेही केलं नाही.

संध्याकाळी पावती घरी आणली. तिनं सही केली, कार्ड हातात घेतलं आणि परत माझ्यासमोर धरलं. "आता हे चाच्याले देऊन द्या. मंगळवारी फीचे पैसे काढाचे हायेत."

निवृत्तीनंतर मला अधूनमधून व्याख्यानाला बोलावतात. आपला देश सुरक्षित कॅशलेस व्यवहाराला तयार आहे का, असा विषय असतो. मी सांगतो की यंत्रं येतील, सुधारतील, त्याची मला चिंता नाही. पण पैसा कोणापासून लपवायचा आणि कोणाच्या हाती द्यायचा, हे त्या बायकांना बँकेच्या आणि माझ्या कितीतरी आधी कळलेलं होतं, आणि त्यांना विचारण्याचं आम्हाला सुचलं नाही. सगळ्याच गावांना असा चाचा मिळत नाही. पुढे काही ठिकाणी लोकांनी भलत्याच माणसावर भरवसा ठेवला आणि त्यांच्या फिर्यादी मीच लिहून घेतल्या. म्हणून पिन सांगू नका, हे मी आजही सांगतो. पण सांगताना आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

बायकोनं कार्ड परत दिलं त्याच्या पुढच्या मंगळवारी मी गणवेश न घालता एटीएमवर गेलो. चाचा रांगेच्या तोंडाशी पोहोचला होता. मी पुडी त्याच्या हातात दिली आणि झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली. "जाऊ द्या साहब," एवढंच तो म्हणाला. मी तिथंच, त्याच्या खांद्याशी उभा राहिलो. त्यानं कार्ड यंत्रात घातलं, बटणांवर बोट नेलं आणि थांबला. मान वळवून माझ्याकडे पाहत राहिला. मागची रांग कुरकुरायला लागली तरी तो हलेना.

मग माझ्या ध्यानात आलं. मी तोंड फिरवलं आणि त्याचं काम होईपर्यंत रस्त्याकडे बघत उभा राहिलो.