पाणी न चढणारा माळ

सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईला सगळे इस्त्रीताई म्हणत. बावीस वर्षं वाफेत काढून तिची बोटं इतकी गुळगुळीत झाली होती की हजेरीच्या यंत्राला तिचा अंगठा ओळखू येत नसे. अशा बाईचं नाव पालिकेच्या सोडतीत निघालं. दरवर्षी पूर वाढतोय, तर शहराने काय करावं हे साध्या माणसांनीच ठरवावं, म्हणून चाळीस जणांची नागरिक सभा भरणार होती. नवरा म्हणाला, "घरातला नळ गळतोय दोन महिने, आणि बाईसाहेब निघाल्या नदी आवरायला!"

तिची आई नदीकाठच्या मूळ वस्तीतली. शहर वसलं त्याच्या कितीतरी आधीपासून ती माणसं तिथे होती. सभेत त्यांनाही एक खुर्ची दिली होती, आणि मागच्या फलकावर 'भागीदारी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. खुर्चीवर बसला तिचा मामा, जाळी विणणारा. पहिल्या तीन बैठका तो चहा पीत राहिला आणि एक शब्द बोलला नाही. चाळिसात एक खुर्ची द्यायची आणि भागीदारी म्हणायचं, यावर त्याने काय बोलावं?

वस्तीची एक जुनी रीत होती. काठापासून वर एक माळ आहे, तिथवर पाणी कधीच चढलं नाही. त्या माळावर कुणी घर बांधायचं नाही, पेरायचं नाही, साधी मेखसुद्धा ठोकायची नाही. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून तो झाडून काढायचा. आज एकाने जागा अडवली, तर पुराच्या दिवशी म्हातारी माणसं आणि लेकरं कुठे टेकणार? आणि बाहेरच्या कुणाला तो दाखवायचा नाही.

चौथ्या बैठकीच्या मधल्या सुट्टीत इस्त्रीताईने मामाला जिन्यापाशी गाठलं.

"मामा, माळाचं सांगा. तुम्हाला नदी कळते हे त्यांना पटलं, तरच आपल्या वस्तीचा विचार होईल."

"न सांगता जगलोच ना आम्ही?"

"तेव्हा पाणी असं नव्हतं. आता मूग गिळून बसलात, तर ते आपल्याला मोजणारसुद्धा नाहीत. माझ्यासाठी सांगा."

शेवटचे दोन शब्द तिने उच्चारायला नको होते. बहीण गेल्यापासून या भाचीला मामाने कधी नाही म्हटलं नव्हतं. तो आत गेला आणि त्याने नकाशावर माळाच्या जागी बोट ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तज्ज्ञांनी मोजून पाहिलं, तर म्हाताऱ्याचं बोट वीतभरही चुकलं नव्हतं. त्या दिवशी इस्त्रीताई घरी गुणगुणत गेली.

सहाव्या बैठकीत शिफारशी वाचून दाखवल्या. चौथी शिफारस होती ती अशी, की शहराचं पंपघर आणि इस्पितळाची नवी इमारत त्या माळावर बांधावी, भोवती कुंपण घालावं. जागा रिकामी असल्याने कुणालाही हलवावं लागणार नाही.

इस्त्रीताई खुर्ची पाडून उभी राहिली. "रिकामी कुठली? आम्ही राखलीय ती! पूर आला की आमची माणसं तिथेच चढतात!"

"तिथे घर आहे का?" तज्ज्ञाने शांतपणे विचारलं. "शेत? एखादा खांब?"

नाही, नाही आणि नाही. रीत इतकी चोख पाळली होती की दाखवायला काहीच उरलं नव्हतं. मग सभेतलीच एक, तिच्याच इस्पितळातली परिचारिका, नव्या इमारतीच्या बाजूने बोलायला उठली. गेल्या पुरात खाटांखाली पाणी आलं, तेव्हा तिने सहा रुग्ण पाठीवर वाहून वरच्या मजल्यावर नेले होते. ती खोटं बोलत नव्हती, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. वस्तीसाठी पुढे पर्याय शोधावा अशी एक ओळ जोडली गेली आणि मतदान झालं. अडतीस विरुद्ध दोन.

अध्यक्ष होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. इस्त्रीताईने त्यांना फाटकापाशी अडवलं. "बाई, पाया पडते तुमच्या. पुन्हा मत घ्या."

बाईंचे डोळे भरून आले. "अहो, तुमच्या मामांमुळेच तर जागा सापडली. अहवालाच्या पहिल्याच पानावर आम्ही त्यांचे आभार मानलेत."

आपल्याच माणसांच्या पायावर तिने धोंडा पाडला होता, तोही टाळ्यांच्या गजरात. पुढचे पंधरा दिवस ती अर्ज घेऊन या टेबलाकडून त्या टेबलाकडे फिरली. तिचं कुणी ऐकून घेतलं नाही. शेवटी ती मनाचा हिय्या करून वस्तीवर गेली.

मामा अंगणात जाळं विणत बसला होता. तो सरकला आणि त्याने तिला बसायला जागा करून दिली.

"मामा, मला बोला. शिव्या द्या, पण गप्प बसू नका."

"कशाला? वस्तीला सांगितलंय मी, माझीच मती फिरली म्हणून. तुझं नाव काढलं नाही."

"असं का केलंत?"

"तुला इथे यायला तोंड राहायला हवं ना. आईचं घर आहे तुझ्या."

ती ताडकन उठली. "मी घरोघरी जाऊन खरं सांगते."

त्याने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "गप. हा ठपका माझ्या एकाच घरावर राहू दे."

त्याने एक थोबाडीत दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. तेवढ्यात पाणी भरून तीन बायका अंगणावरून निघाल्या. तिला पाहून थांबल्या, हसल्या. "कधी आलीस गं ताई? जेवूनच जा हं," त्या मायेने म्हणाल्या. तिच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडे एकीनेही पाहिलं नाही. तो खाली मान घालून गाठी मारत राहिला.