आईची साक्ष

आमच्या पाड्यावरची आशाताई मीच. टीबीच्या गोळ्या चुकवणाऱ्या माणसाला मी शेतातून धरून आणते, समोर गिळायला लावते, वर जीभ उचलून दाखव म्हणते. आणि माझ्या घरात माझी सख्खी आई सहा महिने साखरेची एक गोळी घेत नव्हती. डोंबल माझं आशाताईपण!

झालं होतं असं. विसरवाडीच्या दवाखान्यात तपासणी केली, तेव्हा आईची साखर जरा उतरलेली निघाली. गोळ्यांनीच उतरली होती. पण रविवारी आईने चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली, की प्रभूच्या वचनाने मी बरी झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यात एकदा साक्ष दिली की दिली. त्यानंतर गोळी घेणं म्हणजे देवाला खोटं पाडणं, असं आईचं म्हणणं. पाळक स्वतः घरी येऊन म्हणाले, "ताई, गोळ्या घ्या, त्याने विश्वास कमी होत नाही." ते गेल्यावर आई म्हणाली, "बिचाऱ्यांचा विश्वासच जरा कच्चा आहे." हसावं की कपाळ बडवून घ्यावं?

मग भातलावणीत तिच्या पायात काटा मोडला. जखम चिघळली, अंगठा काळा पडला. आई मात्र खुशीत, कारण दुखत नव्हतं. "बघ, दुखणंच काढून घेतलं त्याने." साखरेने पाय बधिर होतो, म्हणून कळत नाही, हे सांगून मी थकले. भांडले, रडले, जेवण सोडलं. ती माझ्यासाठीच प्रार्थना करायची. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं तर अंगठ्यावर भागेल, नाहीतर गुडघ्यापासून काढावा लागेल. मी दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी सांगून ठेवली. आईला बोलले नाही.

आईला वाचता येत नाही. बायबलमधलं रोजचं वचन मीच वाचून दाखवते. त्या दुपारी वाचता वाचता मला दुर्बुद्धी सुचली. तोच सूर ठेवून मी मनाचं घुसवलं, की प्रभू आजाऱ्याला म्हणाला, वैद्याचं औषध घे, तेही माझ्याच हातचं आहे.

आईने डोळे उघडले. "हे तिथं नाही."

"आहे ना. हे काय, इथं लिहिलंय."

"तीस वर्षं ऐकतेय गं मी. नाही ते तिथं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझा पाय गेला तर जाऊ दे. पण तू हे काय केलंस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुकाट्याने खरं तेच वाचायला लागले, आंधळ्याला दिसू लागलं, पांगळा चालू लागला. आणि खोटं कशाला सांगू, वाचताना मलाही वाटत होतं, होऊ दे ना. एकदा माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे. खोलीत पायाचा वास भरला होता.

बाहेर गाडी येऊन थांबली.

"तुझा विश्वास आहे ना?" आईने विचारलं.

"आहे."

"मग गाडी कशाला बोलावलीस?"

मी खाली बसून तिच्या पायाला स्वच्छ फडकं गुंडाळायला लागले. तिला पाय मागे ओढून घ्यायचा होता. पाय हलला नाही. तिने पुन्हा जोर लावला, आणि मग घाबरून माझ्याकडे बघायला लागली.