आपांची आठ मशिनं

किबोर्डकडे बघणाऱ्याला आपा चोर म्हणायच्या. नवीन मुलगी क्लासला आली की पहिल्याच दिवशी तिच्या दोन्ही हातांवर एक निळा नॅपकिन टाकायच्या आणि सांगायच्या, "आता मार टाइप. जे दिसत नाई, तेच पक्कं होते." मुलगी रडकुंडीला येई, कागदावर मराठीची पार खिचडी होई, पण नॅपकिन काही उठत नसे. मी आसेगावहून बसनं मंगरूळपीरला येणारी, कमालीची घाबरट. माझ्या हातांवर तो नॅपकिन दीड महिना होता. आज मी वाशीमला एका कचेरीत नोकरी करते आणि समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघत त्याचं म्हणणं टाइप करून देते. लोक कौतुक करतात, तेव्हा मला त्या नॅपकिनचा साबणाचा वास आठवतो.

आपांचा क्लास म्हणजे त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली. आधी तिथे त्यांच्या अब्बांचे टाइपरायटर होते, मग कॉम्प्युटर आले. आठ मशिनं, दोन रांगा आणि भिंतीशी एक प्रिंटर, जो आपांशिवाय कुणाचं ऐकत नसे. तहसीलचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, सगळं तिथे होई. आपांचं लग्न झालं नव्हतं की मोडलं होतं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची कुणाची छाती! शिकलेल्या मुलीला त्या तिथेच काम देत, आणि तिचा बाप क्लास बंद करायला आला तर त्यालाच खुर्चीवर बसवून त्याचा एखादा अडलेला अर्ज त्याच्या लेकीकडून टाइप करून घेत. बाप कागद घेऊन गुपचूप घरी जाई आणि मुलगी दुसऱ्या दिवशी क्लासला येई. माझे बाबाही असेच एक कागद घेऊन गेले होते.

या खोलीवर आपांच्या धाकट्या भावाचा, सलीमभाईंचा, डोळा होता. त्यांचं क्रॉकरीचं दुकान एका बोळात होतं. गिऱ्हाईक तिथवर यायचं नाही, आणि घरची रस्त्याकडची खोली मात्र पोरींच्या टकटकीनं भरलेली. अब्बा असताना त्यांच्यासमोरच बहीणभावात बोली झाली होती. आपा म्हणाल्या होत्या, "मशीन चालते तोवर खोली माही. ज्या दिवशी मशीन बंद, त्या दिवशी चाबी तुही." सलीमभाई वाईट माणूस नव्हते. ते कधी भांडले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त येता-जाता दारातून डोकावायचे आणि मशिनं मोजायचे.

मग एक दिवस पडद्यावर तो चौकोन यायला लागला. विंडोजची नवी आवृत्ती या कॉम्प्युटरवर चालणार नाही, असं काहीसं त्यात लिहिलेलं असे. आपा तो बंद करत. पुन्हा येई, पुन्हा बंद करत. "माहं मशीन म्हातारं झालं हे सांगनारा तू कोन रे?" असं त्या पडद्याला विचारत, आणि तेही मुलींच्या देखत. शेवटी अकोल्याहून एक दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं आठही मशिनं उघडून पाहिली आणि सगळी भंगारात काढा, नवी घ्या, असं सांगून चहा पिऊन निघून गेला. सलीमभाईंना ही बातमी लागायला संध्याकाळसुद्धा व्हावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी ते मोजायची टेप घेऊन आले आणि क्लास चालू असताना काउंटर कुठे बसेल त्याचं माप घेऊन गेले.

मला फोन आला तेव्हा मी डबा खात होते. "वर्षा, तू मागं त्या लिनक्सचं सांगून राह्यली होती नं? विंडोजच्या जागी बसते म्हने, फुकट राह्यते म्हने, जुन्या मशीनवर चालते म्हने. शनवारी घेऊन ये." मी सांगितलं होतं खरं, पण ते आपली शेखी मिरवायला. आता खरंच करायची वेळ आल्यावर मी कचरले. म्हटलं, "आपा, सगळंच बदलतं त्यात. या वयात कशाला डोक्याला ताप?" पलीकडून आवाज आला, "माह्यावर बी तो चौकोन लावून राह्यली का तू?" मी डबा तसाच झाकला. मला माझीच लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

शनिवारी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत आठही मशिनं लिनक्सवर सुरू झाली, आणि आधीपेक्षा चपळ चालायला लागली. तिसरं तेवढं आळशी होतं, ते पूर्वीही होतंच. आपा खुर्चीत बसल्या, ओढणी मागे टाकली आणि नेहमीप्रमाणे 'माननीय तहसीलदार साहेब' टाइप केलं. पडद्यावर भलतंच उमटलं. मशीन नव्यानं चालायला लागलं होतं, पण टाइपरायटरपासून आपांच्या बोटांत बसलेली अक्षरांची मांडणी त्यात नव्हती. मी तिच्या जवळपासची एक मांडणी शोधून बसवली, तर त्यातही पाच-दहा अक्षरं इकडची तिकडे. मी म्हटलं, सरळ नवी मांडणी शिका, सोपी आहे, महिन्याभरात येईल. "मशीन बदललं, कबूल," आपा म्हणाल्या. "बोटं बदलनार नाई. त्याले म्हन, तूच बदल."

म्हणजे मांडणी आम्हीच बनवायची. मी वही उघडली आणि विचारलं, "'ळ' कुठे असतो, आपा?" आणि चाळीस वर्षं टायपिंग शिकवणारी ती बाई अडली. त्यांना सांगता येईना. किबोर्डकडे कधी पाहिलंच नव्हतं ना! सगळं बोटांना ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. मग आपा हसल्या. रिकाम्या टेबलावर हात ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आता मी मंगरूळ मारतो. तू बोट पाह्य." मी जमिनीवर बसून डोळे टेबलाच्या कडेला आणले. डाव्या हाताची तर्जनी जरा आत सरकली. 'ळ' सापडला. असे आम्ही तीन शनिवार बसलो. आपा रिकाम्या टेबलावर गावांची नावं, मुलींची नावं, जातीच्या दाखल्यांचे अर्ज टाइप करायच्या, आणि मी बोटांच्या जागा वहीत उतरवून घ्यायची. ऱ्हस्व वेलांटीवरून आमचं चांगलंच वाजलं. नव्या रीतीत ती अक्षरानंतर मारतात, टाइपरायटरवर आधी. मी पुष्कळ समजावलं. "वेलांटी आधी," एवढंच म्हणून आपा नमाजाला उठून गेल्या. त्या परत येईपर्यंत मी वेलांटी आधी करून ठेवली होती. वहीवरून बनवलेल्या त्या मांडणीच्या फाइलला मी नाव दिलं 'आपा'.

चौथ्या आठवड्यात सलीमभाई पुन्हा टेप घेऊन आले. मी तिथेच होते. आपा म्हणाल्या, "टेप ठेव खाली. बस. तुह्या दुकानाच्या परवान्याचा अर्ज राह्यला नं? बोल, मारून देतो." ते बसले. आपांनी निळा नॅपकिन उचलला आणि आपल्याच हातांवर टाकला. सलीमभाई बोलत गेले आणि आपा त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून टाइप करत गेल्या. प्रिंटरनं कागद दिला. सलीमभाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, चूक शोधायला म्हणूनच वाचला असणार. चूक नव्हती.

"मशीन बंद हाय का चालून राह्यलं?" आपांनी विचारलं.

"चालून राह्यलं."

"मंग खोली कोनाची?"

सलीमभाईंनी टेप खिशात घातली आणि अर्ज घेऊन निघून गेले. त्यांनी पुढे बसस्टँडकडे एक गाळा घेतला आणि तिथे दुकान मांडलं. क्लासमध्ये एका मुलीच्या काकानं नंतर हटकलं होतं, हे विंडोज नाही तर पोरीला नोकरी कोण देईल म्हणून. आपांनी त्याला उभ्या उभ्याच उत्तर दिलं, "मी पोरीले टायपिंग शिकवून राह्यली, खिडक्या उघडाले नाई." तो पुन्हा आला नाही. मुलगी मात्र येत राहिली.

गेल्या हिवाळ्यात आपा गेल्या. चार दिवसांचा ताप काय तो झाला. मला निरोप पोचेपर्यंत माती झालेली होती. चाळिसाव्याचा विधी झाल्यावर सलीमभाईंचा फोन आला, "येऊन जा एकदा. मशीनचं पाह्यचं हाय." मी बसमध्ये सगळं भांडण मनात जुळवून ठेवलं. आपांच्या हाताखाली शिकवणाऱ्या कामरगावच्या मीनालाही बोलावून घेतलं, म्हटलं दोघी मिळून भांडू. बोली आपांची होती, आपा उरल्या नव्हत्या, आणि खोली आता जाणार हे मला दिसत होतं. ते सहन होत नव्हतं.

सलीमभाई खोलीत एकटेच उभे होते. धूळ पुसलेली होती. आम्ही आत येताच त्यांनी पहिल्या मशीनचं बटन दाबलं. सुरू झालं. दुसरं दाबलं, सुरू झालं. तिसरं दाबलं आणि पडदा काळाच राहिला. मीनानं माझा हात धरला. मी बोलायला तोंड उघडलं, जुळवून आणलेलं सगळं आता बाहेर येणारच होतं, तर सलीमभाईंनी पडद्यावरची नजर न काढता मला हातानं थांबवलं.

"थांब न जराशी," ते म्हणाले. "ते पह्यलेपासूनच आळशी हाय. येते ते."