सरांनी नाकारलेले कण

इंगवले सर गेल्याचं मला शाहूपुरीत, चष्म्याच्या दुकानात कळलं. लॅबमधला जुना सोबती भेटला आणि हळहळत म्हणाला, "तुझे गाइड गेले." मला वाईट वाटलं नाही. महिना होऊन गेला, अजूनही वाटत नाही... गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे. ती मला जमणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी शिरोळहून कोल्हापूरला त्यांच्याकडे पीएचडीला आले. विषय त्यांनीच दिलेला. द्रवात बारीक कण दाटीनं भरले आणि ते मिश्रण वाहू लागलं, तर आतला एकेक कण कसा सरकतो? रंग, टूथपेस्ट, कबनूरला मागावर चढवण्याआधी सुताला लावतात ती खळ, सगळी अशीच मिश्रणं. दोन काचांमध्ये थेंब ठेवून वरची काच सावकाश ओढायची, सूक्ष्मदर्शकातून व्हिडिओ घ्यायचा आणि टीव्हीच्या पडद्यावर पारदर्शक कागद चिकटवून प्रत्येक कणाची वाट स्केचपेननं काढायची. डोळे चुरचुरायचे. पुस्तकाप्रमाणे कण थराथरानं, एकसारखे सरकायला हवे होते. मला वेगळंच दिसत होतं. शेजाऱ्यांच्या वेढ्यात अडकलेला कण जागच्या जागी थरथरत राही आणि मग एकाएकी पाचसहा कण मिळून निसटत. बाजूचे जिथल्या तिथं.

सरांनी कागद न बघताच बाजूला सारला. "हे कण हाईत, जत्रा न्हाय. तुझं सँपलच घाण हाय."

"सर, दरवेळी नवीन केलं. तेच दिसतंय."

"मग तुझ्या हातातच दोष हाय की."

सगळ्या लॅबनं ऐकलं. बौद्धवाड्यातून आलेल्या मला 'तुझा हात' म्हणजे काय, ते नीट कळलं.

तो भाग प्रबंधातून काढल्याशिवाय त्यांनी सही केली नाही. मी काढला. पुढं काही वर्षांनी परदेशातल्या लोकांनी नेमकं हेच छापलं. तेव्हा एका चर्चासत्रात सर उभे राहून म्हणाले, "हे आम्ही कोल्हापुरात आधीच पाहिलं होतं." मी समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही... त्यानंतर मी त्यांच्याशी कधी बोलले नाही.

परवा काकूंनी, सरांच्या पत्नीनं, घरी बोलावलं म्हणून गेले. सरांची खोली अजून आवरलेली नव्हती. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा स्वेटर तसाच होता. काकू म्हणाल्या, "तुझं बरोबर हुतं, असं हे घरात लई वेळा म्हणायचे बघ."

"घरात म्हटलेलं मला ऐकू येत नव्हतं, काकू."

काकूंनी स्वेटर उचलला आणि त्या त्याची घडी घालायला लागल्या. एक बाही सारखी खाली लोंबत होती. मी पुढं होऊन ती धरली नाही.